उजेड कुठून पाडायचा?

काळेवाडी फाट्यावरून एका बाजूला गेलं तर पवना ओलांडून पिंपरीचे कारखाने लागतात, दुसऱ्या बाजूला वाकडमार्गे हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्या. मधे काळेवाडीची दाट वस्ती आणि पलीकडे भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेला उद्योगांचा पट्टा. या पट्ट्यातून बाहेर पडणारा माल कोणताही असो, औषधाचा खोका, ऑइलचा डबा, वायरचं भेंडोळं किंवा गाडीच्या सुट्या भागाचं लेबल, गोडाऊनला जाण्याआधी त्यावर शेवटचा मजकूर उमटतो: बॅच नंबर, तारीख, एमआरपी आणि हल्ली क्यूआर कोड. हा मजकूर बहुतेक ठिकाणी इंकजेटने, म्हणजे शाईच्या सूक्ष्म थेंबांनी, माल पळत असतानाच मारला जातो. तो नीट उमटला की नाही हे पाहायला कॅमेरा असतो. त्या कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबद्दल आणि मागच्या सॉफ्टवेअरबद्दल बरंच बोललं जातं. शेजारच्या दिव्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. माझं म्हणणं असं, की वेगवान छपाईतले दोष पकडायचे तर पहिला विचार आणि पहिला खर्च दिव्यावर व्हायला हवा. कॅमेरा त्यानंतर, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

एरवी हा प्रश्न छपाईवाल्यांपुरता राहिला असता. पण १७ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने औषध नियमांत शेड्यूल एच-२ आणलं, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून डोलो, कॅल्पॉल, अ‍ॅलेग्रा अशा ३०० खपाच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्या कोडात औषधाचं नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच, तारखा, परवाना क्रमांक असं सगळं बसवायचं असतं. बॅच बदलली की मजकूर बदलतो, त्यामुळे ऑफसेटवर लाखभर लेबलं आधीच छापून ठेवायची जुनी सोय कामाला येत नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हापासून या परिसराचा औषधांशी संबंध आहे; क्यूआर कोड तर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांसाठीच काढला होता, म्हणजे चाकणला तो आपल्या मूळ धंद्यातच आला म्हणायचा. मुद्दा असा, की पूर्वी पुसट छपाई म्हणजे दिसायला वाईट एवढंच होतं. आता पुसट कोडाचा खोका नियमाच्या दृष्टीनेही सदोष आहे, आणि अख्खी बॅच परत येण्याची भीती आहे.

इंकजेट बिघडतं कसं, हे जवळून पाहायला हवं. खोक्यांवर कोड मारणाऱ्या साध्या थर्मल इंकजेट कार्ट्रिजमध्ये अर्ध्या इंचात ३०० नोझल असतात. लाईन थांबली की उघड्या नोझलच्या तोंडाशी शाई सुकायला लागते. चहाच्या सुट्टीनंतर लाईन सुरू झाली की पहिल्या काही खोक्यांवर अक्षरं मधूनच चिरल्यासारखी दिसतात, ती यामुळे. ऑपरेटर म्हणतो ‘नोझल गेलं’, कापडाने हेड पुसतो, आणि काम पुढे चालू होतं. अखंड रोलवर छापणाऱ्या मोठ्या वेब मशिनवर हाच प्रकार फार महाग पडतो. ५२० मिलिमीटर रुंदीच्या कागदावर ६०० डीपीआयने छापायचं तर एका रंगाला बारा हजारांहून जास्त नोझल लागतात, चार रंगांना एकोणपन्नास हजारांच्या आसपास. हेड जागचं हलत नाही, कागद खालून पळतो. त्यामुळे एक नोझल बंद पडलं की कागदाच्या लांबीभर एक पांढरी रेघ उमटते. नोझल बंद न पडता तिरकं मारायला लागलं तर पांढऱ्या रेघेशेजारी एक काळी रेघही येते, कारण थेंब शेजाऱ्याच्या जागेवर पडतो. मिनिटाला १५० मीटरचा वेग धरला तर दहा मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नाही की दीड किलोमीटर कागद वाया. ही रेघ किती रुंद? ६०० डीपीआयला दोन ठिपक्यांमधलं अंतर ४२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाहून किंचित जास्त.

आता हिशेब मांडू. मिनिटाला १५० मीटर म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. या वेगाने कागद ४२ मायक्रॉन सरकायला १७ मायक्रोसेकंद घेतो. कॅमेऱ्याचं शटर यापेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं तर एक ठिपका दुसऱ्यावर लिंपला जाईल. घरातल्या उजेडात मोबाइल साधारण सेकंदाचा शंभरावा भाग शटर उघडं ठेवतो, म्हणजे १०,००० मायक्रोसेकंद. तेवढाच प्रकाश १७ मायक्रोसेकंदांत गोळा करायचा तर उजेड जवळजवळ ६०० पट हवा. ऑफिसात टेबलावर ५०० लक्स असतो. त्याच्या ६०० पट म्हणजे तीन लाख लक्स. भर दुपारचं ऊन एक लाखाच्या आसपास असतं. तेव्हा मशिनवरच्या त्या बोटभर पट्टीत दुपारच्या उन्हाच्या तिप्पट उजेड कोंबावा लागतो. तो नसेल तर कॅमेरा दोनच गोष्टी करू शकतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवून चित्र फरकटवायचं, किंवा इलेक्ट्रॉनिक गेन वाढवून चित्रात खरखर आणायची. दोन्हीत पहिला बळी जातो तो ४२ मायक्रॉनच्या रेघेचा. दुप्पट मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला तर हे दुखणं वाढतं, कारण प्रत्येक पिक्सेल लहान होतो आणि त्याच्या वाट्याला येणारा प्रकाश आणखी कमी होतो.

पण नुसता जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड असा समज करून घेतला की दुसरी चूक सुरू होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साध्या चोकवर चालणारी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी पट्टी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असते. डोळ्याला ते कळत नाही. सेकंदाला ५९,००० ओळी टिपणाऱ्या लाईन-स्कॅन कॅमेऱ्याला मात्र ते चांगलंच कळतं: अडीच मीटरच्या वेगाला दर २५ मिलिमीटरवर एक फिकट आणि एक गडद पट्टा दिसू लागतो. खरोखरच शाई कमी-जास्त पडली तरी असेच आडवे पट्टे येतात. दिव्याने पाडलेले पट्टे आणि हेडने पाडलेले पट्टे चित्रात सारखेच दिसतात, आणि मग निर्दोष हेडची सफाई करण्यात पाळी जाते. पत्र्याच्या शेडला उजेडासाठी मधे मधे पारदर्शक शीट टाकलेली असतात. तिथून येणारी उन्हाची तिरीप सकाळी एका मशिनवर, दुपारी दुसऱ्यावर. सकाळी बसवलेलं सेटिंग जेवणानंतर का बिघडतं याचा शोध सॉफ्टवेअरमध्ये घेतला जातो, आणि कारण असतं छपरात.

उजेडाच्या प्रमाणापेक्षाही अवघड प्रश्न त्याच्या दिशेचा. कॅमेरा कागदाच्या बरोबर वर आणि दिवा ४५ अंशांवर, ही छपाई मोजण्याची रूढ मांडणी. द्विमितीय कोडांची प्रत ठरवणाऱ्या आयएसओ १५४१५ मानकातही मुळात हीच आहे: चारही बाजूंनी ४५ अंशांवरून, ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश. साध्या कागदावर ती उत्तम चालते. पण पाण्याची शाई पडून कागद थोडा फुगला, त्याला बारीक लाटा आल्या, की एकाच बाजूच्या दिव्याने त्या लाटांच्या सावल्या पडतात आणि शाई सारखी असूनही चित्रात पट्टे येतात. समोरासमोर दोन दिवे लावले की सावल्या एकमेकांना खाऊन टाकतात. उलट कागदाला सुरकुती पडली आहे का हेच पाहायचं असेल, तर मुद्दाम एका बाजूने, अगदी खालून, कागदालगत उजेड पाडावा लागतो. गोळ्यांच्या पाकिटाची अ‍ॅल्युमिनियम फॉइल म्हणजे तर जवळजवळ आरसा. तिच्यावर सरळ उजेड टाकला की एक भाग पांढराफटक आणि बाकी काळं. तिथे चहूबाजूंनी मऊ प्रकाश देणारा घुमट लागतो. काळ्या केबलवर पांढरी अक्षरं छापतात, तिथे केबलच्या गोल पाठीवर दिव्याची चकाकी एक लांब पांढरी रेघ ओढते आणि नेमकी अक्षरांवरून जाते. पोलरायझर लावून चकाकी मारता येते, पण दोन पोलरायझरांत मिळून प्रकाशाचा जेमतेम चौथा भाग किंवा त्याहूनही कमी शिल्लक राहतो. तीन लाख लक्सच्या हिशेबात हा सौदा परवडतोच असं नाही. म्हणून एकच ‘चांगला दिवा’ सगळीकडे बसवणारा विक्रेता दिसला की सावध व्हावं. दिवा दोषाप्रमाणे ठरतो, आणि दोष मालाप्रमाणे.

रंगाचंही तसंच. पांढऱ्या कागदावरचा पिवळा रंग आपल्याला फिकट दिसतो आणि पांढऱ्या उजेडातल्या कृष्णधवल कॅमेऱ्याला त्याहून फिकट. पिवळ्याचं नोझल बंद पडलं तर रेघ जवळपास सापडतच नाही; पण हिरव्या भागात तोच पिवळा कमी पडला की गिऱ्हाईक माल परत पाठवतं. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते, त्यामुळे निळ्या दिव्याखाली ती जवळजवळ काळी दिसते आणि गेलेलं नोझल लख्ख उघडं पडतं. किरमिजीसाठी हिरवा, निळसर सायनसाठी लाल. लाल अक्षरांत कोड छापायचा हट्ट करणाऱ्या पॅकिंग डिझायनरला हेच समजावून सांगावं लागतं, की लाल उजेडात वाचणाऱ्या यंत्राला तो कोड कोऱ्या कागदासारखा दिसणार. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसचं काम १९२८ पासून चाललं आहे. तिथल्या नोटेवरचे क्रमांक अतिनील दिव्याखाली उजळतात म्हणूनच बँकेच्या काउंटरवर तो जांभळट दिवा असतो. काय दिसावं हे उजेड ठरवतो, ही गोष्ट कॅशियरच्या अंगवळणी पडली आहे. पॅकिंगच्या लाईनवर ती अजून पोचायची आहे.

इंकजेटच्या मुळाशीच एक दिवा आहे, हे इथे सांगायला हरकत नाही. केबल आणि डब्यांवर छापणाऱ्या सतत धारेच्या इंकजेटमध्ये शाईची धार बारीक कंपनांनी समान थेंबांत फोडली जाते. धार अशी का फुटते याचं गणित लॉर्ड रॅलेने १८७८ मध्ये मांडलं होतं. सेकंदाला हजारो थेंब सुटत असताना ते नीट सुटताहेत का हे पाहायला थेंबांच्याच तालावर लुकलुकणारा दिवा वापरतात. ताल जुळला की थेंब हवेत थबकल्यासारखे दिसतात, आणि थेंबामागे शेपूट लांबली की बारीक उपथेंब सुटताहेत हे कळतं. सेकंदाला दहा मीटर धावणारा २० मायक्रॉनचा थेंब एका मायक्रोसेकंदात स्वतःच्या अर्ध्या जाडीएवढा सरकतो, त्यामुळे लुकलुक त्याहूनही पुष्कळ कमी वेळाची लागते. छपाई यंत्र बनवणाऱ्यांना उजेडाचं महत्त्व पहिल्यापासून कळलं होतं. विसर पडला तो यंत्र विकत घेऊन पुढे कॅमेरा बसवणाऱ्यांना.

आता आक्षेपांकडे येतो. हिंजवडीच्या बाजूने येणारा पहिला आक्षेप असा, की आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. हजारो चित्रं दाखवून शिकवलं की सॉफ्टवेअर वाईट उजेडातही दोष ओळखतं. यात तथ्य आहे, पण अर्धं. उजेड थोडाफार कमी-जास्त झाला, खोका किंचित तिरका आला, तर शिकवलेलं सॉफ्टवेअर जुन्या नियमबद्ध सॉफ्टवेअरपेक्षा पुष्कळ समजूतदार असतं. परंतु चकाकीने पिक्सेल पूर्ण भरून गेला, किंवा दोन ठिपके फरकटून एक झाले, तर त्या जागेची माहितीच चित्रात नसते. तिथे सॉफ्टवेअर जे दाखवेल तो आजूबाजूवरून बांधलेला अंदाज असतो. छायाचित्र सुंदर करायला असा अंदाज चालतो. औषधाच्या बॅच नंबरातला आकडा ३ आहे की ८, हे ठरवायला चालत नाही. शिवाय शिकवताना जो उजेड होता तो सहा महिन्यांनी तसाच राहत नाही. इंकजेटच्या आसपास शाईचं धुकं असतं, ते दिव्याच्या काचेवर बसत जातं. एलईडी तापली की तिचा प्रकाश घटतो, रंगही जरासा सरकतो. मग सॉफ्टवेअर पुन्हा शिकवायचा खर्च येतो, आणि पुसायची असते फक्त काच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो कारखान्यातल्या माणसांचा आहे. इतका नेमका उजेड पाडलात तर गिऱ्हाइकाला कधीच न दिसणारे दोष सापडतील, चांगला माल बाद होईल, आणि लाईन दर दोन मिनिटांनी थांबेल. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर वैतागून कॅमेरा बंद करून ठेवेल. हे खरोखर घडतं, आणि त्यात सुपरवायझरचं काही चुकत नाही. पण याचा इलाज उजेड मुद्दाम वाईट ठेवण्यात नाही. शोधायचा उजेड आणि न्याय करायचा उजेड हे वेगळे ठेवायला हवेत. न्यायासाठी आयएसओ ३६६४ हे मानक आहे: दिवसाच्या उजेडासारखा डी-५० प्रकाश, बारकाईने तुलना करायला २,००० लक्स, नेहमीच्या पाहणीला ५००. मशिनने उचललेले नमुने या उजेडात गिऱ्हाइकासमोर ठेवावेत आणि कोणता दोष चालेल, कोणता नाही, याची सीमा तिथे ठरवावी. ती सीमा नुसत्या आकारावर ठरत नाही. हातभर अंतरावरून ०.०४ मिलिमीटरचा एकटा ठिपका डोळ्याला दिसत नाही. तेवढ्याच रुंदीची लांब सरळ रेघ मात्र भरीव काळ्या रंगात चटकन दिसते, कारण अखंड रेघ हेरण्यात डोळा त्याच्या एरवीच्या क्षमतेच्या कितीतरी पुढे असतो. म्हणजे ठिपका सोडून द्यायचा आणि रेघेला लाईन थांबवायची, असा नियम करता येतो. पण दोन्ही स्वच्छ दिसल्याशिवाय यातलं काय सोडायचं हे ठरवणार कसं? अंधुक चित्रात दोष सोडून दिला जात नाही, तो निसटतो.

याला लागूनच एक युक्तिवाद ऐकू येतो: क्यूआर स्कॅन होतोय ना, मग झालं. क्यूआर कोडात चुका भरून काढायची सोय मुळातच असते. निवडलेल्या पातळीनुसार ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. त्यामुळे एक नोझल गेलं, दोन गेली, तरी कारखान्यातला स्कॅनर हिरवा दिवा दाखवत राहतो. ती राखीव शिल्लक खोका घासला जाण्यासाठी, ओलाव्यासाठी, दुकानातल्या साध्या मोबाइलसाठी ठेवलेली असते. ती छपाईतच खर्च झाली तर कारखान्यात वाचलेला कोड औषधाच्या दुकानात वाचला जाईलच याची खात्री कोण देणार?

मोठ्या मशिनचे मालक म्हणतील की आमची यंत्रं स्वतःच गेलेलं नोझल ओळखतात आणि शेजारच्या नोझलांकडून जास्त शाई मारून रेघ बुजवतात. मारतात खरी. पण ओळखतात तीही बहुतेकदा आतल्या कॅमेऱ्याने आणि त्याच्या दिव्याने, आणि कागदाची सुरकुती किंवा शाईचं पसरणं हा त्यांच्या हिशेबातला भाग नसतो.

राहिला पैशांचा आक्षेप. काळेवाडीसारख्या वस्तीतल्या गाळेवाल्याला हे सगळं परवडणार आहे का? मला उलट वाटतं. महागडा कॅमेरा त्याला परवडत नाही, म्हणूनच त्याने उजेडापासून सुरुवात करावी. खोक्यांची लाईन मिनिटाला ६० मीटरने चालते असं धरलं तर माल सेकंदाला एक मीटर पळतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या क्यूआर घरांसाठी ४० मायक्रोसेकंदांचा झोत पुरतो. एलईडीला इतक्या थोड्या वेळासाठी तिच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी पट करंट देता येतो, कारण मधल्या वेळात ती थंड होते. म्हणजे लहान दिवाच मोठ्याचं काम करतो, अट एवढीच की खोका आल्याची खबर देणाऱ्या सेन्सरवरच तो पेटवायचा. वरून आतल्या अंगाने काळा रंग दिलेली पत्र्याची पेटी बसवली की छपरातलं ऊन आणि शेडच्या ट्यूब दोन्ही बाद. ही पेटी कामगारांसाठीही हवी. मिनिटाला ३०० खोके म्हणजे सेकंदाला पाच झगमगाट, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट काही माणसांत फिट येण्याचं कारण होऊ शकतो. उघडा स्ट्रोब लावून त्याच्यासमोर बाईला आठ तास पॅकिंगला बसवणं हा नुसता गबाळेपणा नव्हे, गुन्हा आहे. पेटीत एका कडेला पांढरी पट्टी चिकटवावी, कॅमेऱ्याला ती कायम दिसेल अशी. पट्टी मळकी दिसायला लागली की शाईचं धुकं काचेवर बसलंय हे कळतं. गुरुवारी, या उद्योगपट्ट्याच्या साप्ताहिक सुट्टीला, मशिनची साफसफाई होते तेव्हा काच आणि पट्टीही पुसून घ्यावी, आणि कॅमेऱ्याला पट्टी किती उजळ दिसते तो आकडा वहीत टिपावा.

खरी अडचण खरेदीच्या पद्धतीत आहे. ऑर्डरमध्ये कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल लिहिलेले असतात, सॉफ्टवेअरचं लायसन्स किती वर्षांचं ते लिहिलेलं असतं, दिव्यापुढे नुसतं ‘सूटेबल लायटिंग’. ते सूटेबल कशावरून, हे कोणी विचारत नाही. घेणाऱ्याने आपला बाद झालेला माल फेकून न देता प्रत्येक प्रकारच्या दोषाचे थोडे नमुने जपून ठेवावेत आणि विक्रेत्याला तेच दोन-तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली दाखवायला सांगावं. पुण्यात पर्वतीजवळ पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुद्रण अभियांत्रिकी शिकवली जाते. देशात असे विभाग मोजकेच आहेत. तिथे एक असं टेबल उभं राहिलं, ज्यावर दिव्याचा कोन, रंग, पोलरायझर बदलून पाहता येईल, आणि लहान उद्योजकांना ते दिवसाच्या भाड्याने मिळालं, तर निम्मी खरेदी तिथेच सुधारेल. निम्मीच, कारण टेबलावर नमुना हलत नाही. झोत किती मायक्रोसेकंदांचा हवा, खोका थरथरतो किती, कागद रोलरवर फडफडला की दिवा आणि त्याच्यातलं अंतर किती बदलतं, हे लाईन पूर्ण वेगाने चालू असताना शेडमध्येच पाहावं लागतं. आणि तेही एकदा सकाळी, एकदा दुपारी, छपरातून ऊन येत असताना.